चिंतामणी आणि खिशातला मणी

(कळंब येथील माघी गणेश उत्सवातील कीर्तन. ध्वनिमुद्रणावरून.)

श्रोतेहो, आपण चिंतामणीच्या दारात बसलो आहोत. दुसऱ्या देवाला जायचं तर बहुतेक ठिकाणी पायऱ्या चढाव्या लागतात. आपल्या कळंबला पायऱ्या उतरून जमिनीखाली जावं लागतं. कितीही ताठ मानेचा माणूस असो, इथे खाली पाहूनच चालतो. नाही तर पाय घसरतो! गणेशपुराणात या क्षेत्राला कदंब म्हटलं आहे, आणि कदंबाचं कळंब झालं असं आपली म्हातारी माणसं सांगत आली.

आता चिंतामणी म्हणजे काय? ज्याच्यासमोर बसून मनात एखादी वस्तू चिंतली की ती वस्तू पुढे हजर होते, असा मणी. लहानपणी कथा ऐकताना वाटायचं, असा एखादा मणी आपल्याला सापडला तर! मंडळी, तो मणी आज तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आहे. पुण्याला नोकरीवर असलेल्या पोराचं तोंड पाहावंसं वाटलं, दिसलं. बाजारात आज कापूस काय भावानं गेला ते कळावं, कळलं. पंढरीच्या देवाचं सकाळचं दर्शन व्हावं, झालं. हा मणीच आहे बाबांनो, नाही म्हणता येणार नाही. पण या मण्यात आता जाती पडल्या. एक बारा हजाराचा, एक ऐंशी हजाराचा, एक सव्वा लाखाच्या वरचा. आणि मी ज्या गावी जातो तिथे कीर्तन संपल्यावर कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "महाराज, पोरगा भारी फोन मागते. घ्यावा का?"

म्हणून आज पूर्वरंगात हाच विषय. हसू नका. कुणी म्हणेल, देवाच्या दारात फोनची चर्चा कशाला? ज्या वस्तूपायी घरातल्या मायच्या गळ्यातली पोथ मोडायला निघते, तो विषय कीर्तनात नाही घ्यायचा तर कुठे घ्यायचा?

आधी मण्याची परीक्षा करू. आपला कापूस सरकारी केंद्रावर नेला की काय होतं? ओलावा मोजतात. आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, बाराच्या वर गेला की गाडी परत. धाग्याची लांबी पाहतात, काडीकचरा पाहतात. आपला माल घेताना समोरचा इतकी परीक्षा करतो. आणि आपण ऐंशी हजाराचा माल घेताना काय मोजतो? पोराच्या मित्राकडे कोणता आहे, तेवढंच!

फोनचं काम काय काय आहे ते पाहा. बोलणं. आता बारा हजाराच्या फोनवरून केलेला फोन आणि सव्वा लाखाच्या फोनवरून केलेला फोन, दोन्ही त्याच टॉवरवरून जातात. २०२२ च्या ऑक्टोबरात देशात फाइव्ह-जी सुरू झालं, तेही आता दहा-बारा हजारांच्या फोनमध्ये येतं. पैसे पाठवणं. यूपीआय २०१६ साली आलं, त्याला फोनची जात ठाऊक नाही. शंभर रुपये पाठवले तर समोर शंभरच पोचतात, भारी फोनवरून पाठवले म्हणून एकशे एक होत नाहीत. सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायची ई-पीक पाहणी २०२१ पासून फोनवर आली, तिला लागतो कॅमेरा आणि जागा दाखवणारी जीपीएसची सोय. दोन्ही साध्या फोनला असतात. २०२५ साली कापूस महामंडळानं 'कपास किसान' नावाचं ॲप काढलं, नोंदणी त्याच्यावर करायची, केंद्रावर न्यायचा दिवस त्याच्यावर धरायचा. तेही साध्या फोनवर चालतं. बँकेचा ओटीपी दोघांवर येतो. फसवणाऱ्याचा फोनही दोघांवर येतो, हेही लक्षात ठेवा!

आणि इथे पायऱ्या उतरून खाली गेल्यावर रेंज गेली, तर दोघांचीही जाते.

मग जास्तीच्या पैशात मिळतं काय? खोटं बोलू नये. मिळतं. कॅमेरा चांगला असतो, त्यातही रात्रीचा. दिवसाउजेडी काढलेल्या फोटोत तुम्हाला-मला फरक ओळखू यायचा नाही, पण मांडवातल्या कमी उजेडात फरक दिसतो. पाण्यात पडला तर बहुधा वाचतो. आतलं यंत्र वेगवान असतं, पाच वर्षांनीही अडखळत नाही. आणि एक गोष्ट महत्त्वाची, जी दुकानदार सांगत नाही आणि आपण विचारत नाही: कंपनी किती वर्षं सुरक्षेच्या सुधारणा पाठवणार. चोर नवी युक्ती काढतो, कंपनी फोनमध्ये नवं कुलूप पाठवते. गुगल आणि सॅमसंग त्यांच्या वरच्या फोनांना सात-सात वर्षं हे कुलूप पाठवण्याचं वचन देतात. बऱ्याच स्वस्त फोनांचं दोन-तीन वर्षांत बंद होतं. पण अलीकडे वीस हजारांच्या आतल्या काही फोनांनाही सहा वर्षांचं वचन मिळतं. म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: "भाऊ, अपडेट किती वर्षं?" तो गडबडला तर दुसऱ्या दुकानात जा.

अगदीच स्वस्त घ्या, असंही मी म्हणत नाही. सहा-सात हजाराचा घेतला, चार महिन्यांत जागा भरली, व्हॉट्सॲप उघडायला तोंड धुऊन यावं लागतं, मग पोरगा फोन आपटतो आणि सहा हजार जातात. साठवण १२८ जीबी असावी, रॅम सहा-आठ असावी, आणि दुरुस्तीचं केंद्र यवतमाळला असावं, अमरावती-नागपूरला पळावं लागू नये. एवढं पाहिलं की झालं. कुणी वापरलेला भारी फोन कमी पैशात देतो म्हणाला तर *#०६# दाबून त्याचा क्रमांक काढा आणि सरकारच्या 'संचार साथी'वर तपासा. नाही तर चोरीचा मणी गळ्यात पडायचा!

आणि बॅटरी? दोघांतही लिथियमचीच. दोन-तीन वर्षांत दोघींचाही दम उतरतो. ॲपल कंपनी तर स्वतः सांगते की फोन वापरायचा तो शून्य ते पस्तीस अंशांच्या हवेत. पस्तीस! आपल्याकडे वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. म्हणजे महागातल्या महाग फोनसाठी आपला उन्हाळा मुळात धरलेलाच नाही. त्याला सावलीत ठेवायचं आणि आपण उन्हात फिरायचं.

आता हिशेब करू. माय-बहिणींनो, हा हिशेब तुमचा आहे, नीट ऐका. आयफोन १७ हा २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या देशात आला, तेव्हा किंमत ८२,९०० पासून पुढे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये क्विंटल. म्हणजे एका फोनला सव्वादहा क्विंटल कापूस. आपल्या कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल आला तर आपण चांगलं पिकलं म्हणतो. दोन एकराचं अख्खं पीक एका खिशात गेलं! आणि ही नुसती विक्रीची रक्कम. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी, गाडीभाडं, हे सगळं अजून वजा व्हायचं आहे.

ज्यांना शेत नाही त्यांचा हिशेब याहून कडक. वेचणीचे किलोला दहा रुपये धरा. दिवसाला पन्नास किलो धरा. पन्नास किलो वेचणं म्हणजे काय, ते पुढे बसलेल्या बायांच्या बोटांना विचारा, बोंडाच्या टोकांनी चिरलेली असतात. झाले दिवसाचे पाचशे. ८२,९०० ला दिवस किती? एकशे सहासष्ट. साडेपाच महिने. एका हंगामात इतके दिवस वेचणी असते का हो? दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोज गेली तरी दोन-अडीच महिने. आणि बारा हजाराच्या फोनला? चोवीस दिवस. तेही कमी नाहीत. पण चोवीस दिवस म्हणजे गरज, आणि वरचे एकशे बेचाळीस दिवस कशाचे, हे घरात बसून विचारायचं.

कुणी हुशार म्हणेल, महाराज, भारी फोन सात वर्षं टिकतो. टिकू द्या. त्या सात वर्षांत बारा-बारा हजाराचे तीन फोन घेतले तरी छत्तीस हजार होतात. उरलेल्या सत्तेचाळीस हजारांना व्याजही मिळतं. आणि सात वर्षं तो पोरगा तोच फोन वापरेल, हे मला चिंतामणीनं सांगितलं तरी खरं वाटायचं नाही!

"पण एकदम पैसे द्यायचेच नाहीत, हप्ता आहे, बिनव्याजी आहे." हे वाक्य घरोघरी ऐकतो. बाबांनो, व्याजाशिवाय पैसा फक्त मायच्या डब्यात असतो. रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. आता करतात काय? व्याज लावतात आणि तेवढीच सूट दाखवतात. म्हणजे तीच सूट रोखीनं मागितली असती तर भाव उतरला असता. वर प्रक्रियेचं शुल्क, आणि क्रेडिट कार्डावरचा हप्ता असेल तर व्याजावर १८ टक्के जीएसटी. हप्ता चुकला की दंड, आणि तुमच्या नावापुढे नोंद. पुढे बँकेत कुठल्या कर्जाला गेलात की साहेब आधी ती नोंद उघडतो. यवतमाळ जिल्ह्याला कर्ज म्हणजे काय हे मी सांगावं? या जिल्ह्यानं कर्जापायी किती घरं बसलेली पाहिली! पेरणीचं कर्ज निदान उगवण्याची आशा तरी ठेवतं. फोनचं कर्ज ज्या दिवशी डबा फोडला त्या दिवसापासून उतरणीला लागतं.

(येथे नामगजर झाला.)

याच तालुक्यातल्या एका गावी दिवाळीनंतर कीर्तनाला गेलो होतो. ज्यांच्या घरी उतरलो ते अडीच एकराचे धनी. जेवण झालं, आणि माय ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "महाराज, तुमीच सांगा आता याले. चार दिवस झाले, पोट्टा धड जेवला नाई. त्र्याऐंशी हजाराचा फोन पायजे म्हणते. माह्या गयातल्या पोथीवर डोया हाय त्याचा." बाप खाली मान घालून सुपारी कातरत बसलेला. एक बहीण होती, नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी करत होती, बापाच्या तडा गेलेल्या फोनवर. त्या फोनच्या काचेवर तिनं चिकटपट्टी लावली होती. ती काही बोलली नाही.

मी पोराला म्हटलं, बस माझ्याजवळ. तुला फोन का पाहिजे ते सांग, मी रागावत नाही. तो म्हणाला, "महाराज, कालेजात फोन टेबलावर ठेवला का पोरं आधी त्याची मागची बाजू पायतेत. माहा पाहून हासतेत."

श्रोतेहो, या वाक्यावर मी थांबलो. तुम्हीही थांबा. त्या पोराला नावं ठेवू नका. गरिबाच्या पोराला हसलेलं लागतं, खोल लागतं. आपणही तरुणपणी उसनं घड्याळ घालून सोयरीक पाहायला गेलेलो माणसं आहोत! फोनची मागची बाजू पाहून माणूस जोखणारे आहेत, हे खरं आहे. आणि ते फक्त कॉलेजातली पोरं नाहीत. सोयरीक जुळवताना मुलाच्या हातातला फोन पाहणारे शहाणे इथे समोर बसले असतील. तेव्हा पोराला शहाणपण शिकवण्याआधी आपली नजर तपासली पाहिजे.

मी त्याला एक कागद दिला. म्हटलं, काल सकाळपासून रात्रीपर्यंत फोनवर काय काय केलंस ते लिही. पोरगा प्रामाणिक, लिहिलं त्यानं. गाणी, गप्पा, वर्गाच्या नोट्स, क्रिकेट, रील, पैसे पाठवले, बसची वेळ पाहिली. म्हटलं, यातलं बारा हजाराच्या फोनवर होणार नाही असं काय आहे, त्याच्यापुढे खूण कर. पेन हातात धरून बराच वेळ बसला. एकाही ठिकाणी खूण झाली नाही. मग हळूच म्हणाला, "मागची बाजू."

पुढे त्यांनी काय घेतलं, मी विचारलं नाही. आपण देवाचं सांगायला जातो, लोकांच्या डब्यात डोकावायला नाही. पण परवा ती माय इथे दर्शनाला आली होती, पाया पडली, आणि पोथ गळ्यात होती.

आता कुणासाठी भारी फोन योग्य? मी सरसकट नाही म्हणणारा नव्हे. एखादा पोरगा लग्नाचे फोटो, चित्रफिती काढतो, त्याच्यावर चार पैसे कमावतो, त्यानं खुशाल घ्यावा. तो त्याचा नांगर आहे, आणि नांगर चांगल्या लोखंडाचा असावा. एखाद्याला डोळ्यांनी दिसत नाही, फोन त्याला वाचून दाखवतो, वाट सांगतो, तर त्याच्यासाठी त्याला जमेल तो घ्यावा, तिथे काटकसर नको. ज्याच्या घरी वर्षाचं धान्य आहे, पोरांच्या फीचा बंदोबस्त आहे, देणं नाही, आणि हौस आहे, त्यानं रोख घ्यावा. श्रीमंताच्या हौशीवर टीका करून गरिबाचं पोट भरत नाही. आणि हो, हे कीर्तन समोर तीन जण टिपताहेत. उद्या याचं पुस्तकात छापलं तर कोणत्या फोनवर टिपलं हे वाचणारा विचारणार आहे का? बोललेलं नीट ऐकू आलं की झालं.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा आठवा. शेणगावात १८७६ साली जन्मले. डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या, हातात खराटा. ते गाडगं ऊन लागलं की डोक्यावर, भूक लागली की हातात. एका मातीच्या भांड्यात दोन कामं! याला म्हणतात उपयोग. पण बाबा कंजूष होते का? पंढरपूर, नाशिक, अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. लोकांचा लाखोंचा पैसा त्यांच्या शब्दावर आला आणि दगडा-विटांत गेला, त्यांच्या चिंधीत नाही. आणि कीर्तनात सांगायचे काय, की सणाला कर्ज काढू नका, जेवायला ताट नसलं तर हातावर भाकर घ्या, बायकोला कमी भावाचं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घाला. त्या ओट्यावर गाडगेबाबा असते तर त्यांनी पोराच्या फोनकडे पाहिलंच नसतं. त्यांनी विचारलं असतं, पोरीच्या काचेला चिकटपट्टी का?

चला, उत्तररंगाकडे येऊ.

आपल्या कळंबच्या चिंतामणीची कथा इंद्राची. इंद्राला काय कमी होतं? ऐरावत दारात, कल्पवृक्ष अंगणात. तरी नजर गेली गौतमांच्या आश्रमावर, दुसऱ्याच्या घरावर. शाप मिळाला, अंगभर लाज उमटली, तोंड लपवून कमळाच्या देठात जाऊन बसला. मग देवांनी गौतमांची विनवणी केली, ऋषींनी गणेशाचा मंत्र दिला, आणि या कदंबाखाली इंद्रानं तप केलं. अंगावरच्या लाजेच्या खुणांचे हजार डोळे झाले. आजच्या भारी फोनला मागे तीन-चार डोळे असतात, त्याचं केवढं कौतुक! इंद्राला हजार होते, आणि ते का आले हे त्याला जन्मभर लक्षात ठेवावं लागलं.

दुसरी कथा पुण्याजवळच्या थेऊरला सांगतात, तिथेही देव चिंतामणीच. कपिल मुनींजवळ खरा चिंतामणी मणी होता. अभिजित राजाचा पोरगा गण, शिकारीला निघाला, सगळं सैन्य घेऊन आश्रमावर आला. मुनी एकटे, वल्कलं नेसलेले, झोपडी गवताची. पण पाहुणा आला म्हणजे जेवला पाहिजे. मुनींनी मण्यासमोर बसून चिंतन केलं, आणि पंगती बसल्या. सगळं सैन्य जेवलं, घोड्यांना चारा मिळाला.

आता इथे कथेचा जीव आहे, लक्ष द्या. गण उपाशी होता तेव्हा त्यानं मणी मागितला नाही. पोटभर जेवला, हात धुतला, विडा घेतला, आणि मग विचारलं, "हे सगळं कुठून आलं?" मणी दिसला, आणि तिथून त्याला भूक लागली. अन्नाची नव्हे. राजपुत्राकडे नाही ते या वल्कलवाल्याजवळ कसं, ही भूक! घरी सोन्याची ताटं होती, कोठारं भरलेली होती. मणी नसता तरी एक दिवस उपास घडला नसता. साधा फोन पोट भरतो, बाबांनो. त्याच्या वरचा पैसा बहुतेक वेळा या दुसऱ्या भुकेचा असतो, आणि ती जेवल्यानंतरच लागते.

गणानं मागितला, मुनी नाही म्हणाले, त्यानं हिसकावला. बापानं समजावलं, पण ऐकेल तर तो गण कसला! मुनींनी गणेशाचा धावा केला. कदंबाच्या झाडाखाली युद्ध झालं, गण पडला. ज्या मण्यापायी घर सोडलं तो मणी हातात असताना पडला. मग गणेशानं मणी उचलून कपिलांपुढे धरला. म्हणाला, हा तुमचा, घ्या.

आणि कपिल काय म्हणाले? इतके दिवस पाहुणे जेवले, चार जिवांची सोय झाली, तोवर हा बरा होता. आता याच्यापायी एका बापाचा पोरगा गेला. मला नको. त्यांनी तो मणी देवाच्या गळ्यात बांधला. तेव्हापासून देवाचं नाव चिंतामणी. आणि मुनी कमंडलू उचलून नदीवर पाण्याला निघाले, संध्याकाळ होत आली होती.

बोला, चिंतामणी महाराज की जय!

आता आरती आहे. पुढच्यांनी उठताना मागच्या म्हाताऱ्या मंडळींना वाट द्या, पायऱ्यांवर गर्दी करू नका. आणि टिपायला ठेवलेले ते तीन फोन उचला कुणीतरी, कुणाचा पाय पडायचा.